परदेशात शिकायला जायचंय? देश सगळ्यात शेवटी निवडा

रविवारी सकाळी माझ्याकडे फायली येतात. फाईल घेऊन येणारं पोरगं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या नाहीतर चौथ्या वर्षाला असतं, सोबत वडील किंवा मामा असतात, आणि चहाला उकळी फुटायच्या आत पहिला प्रश्न येतो, "दादा, जर्मनी बरं की अमेरिका?" मी विचारतो, "शिकायचं काय आहे?" पोरगं मामांकडे बघतं. मामा म्हणतात, "एमएस."

मी इथलाच. नाशिकच्या एका कॉलेजातून मेकॅनिकल केलं, सातपूरला सुटे भाग बनवणाऱ्या लहानशा कारखान्यात दोन वर्षं क्वालिटीत काढली, मग जर्मनीत मास्टर्स. गेलो ते मशीन डिझाइन शिकायला आणि परत आलो ते कॅमेऱ्यांचं काम घेऊन. पट्ट्यावरून जाणाऱ्या भागावर कॅमेरा लावायचा, सॉफ्टवेअर लिहायचं आणि ओरखडा, भेग, चुकलेलं माप पकडायचं. असं काही काम असतं आणि त्याचे पैसे मिळतात, हे सातपूरला असताना मला माहीतही नव्हतं.

हे वळण कसं आलं त्याचा मी नंतर बराच विचार केला. वाट बदलणाऱ्या जागा दोन वर्षांत तीन-चारच होत्या: कोणता ऐच्छिक विषय घेतला, कुणाच्या प्रयोगशाळेत हाताखाली काम मिळालं, सुट्टी कुठे काढली आणि प्रबंध कुठे केला. या जागा आपण निवडतोय त्या कोर्समध्ये आहेत की नाहीत, हे अर्ज भरण्याआधी समजू शकतं. पुढच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत. सुरुवात जाण्याच्या दीड वर्ष आधी करा. ऑगस्टमध्ये अमेरिकेला जायचं तर बहुतेक अर्ज आदल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत जातात, आणि जर्मनीत ऑक्टोबरच्या सत्रासाठी काही विद्यापीठं मार्चमध्येच दार लावून घेतात.

पहिली पायरी: एक पान लिहा

कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहा. आज मला काय येतं. पाच वर्षांनी मंगळवारी सकाळी दहा वाजता मी नेमकं कोणतं काम करत असेन. आणि या दोहोंच्या मध्ये काय कमी पडतंय. "चांगलं पॅकेज" आणि "सेटल होणं" हे शब्द वापरायचे नाहीत. ते लिहिले की पान लगेच भरतं आणि हाती काही लागत नाही.

निर्णय तिसऱ्या ओळीवर होतो. कमी पडतोय तो अनुभव असेल, तर अंबड-सिन्नरच्या कारखान्यांतली दोन वर्षं तो देतील आणि वर पगारही देतील. एखादं सॉफ्टवेअर येत नसेल, तर ते घरी बसून सहा महिन्यांत येतं. पण कमी पडणारी गोष्ट म्हणजे इथे न शिकवला जाणारा विषय असेल, इथे नसलेली प्रयोगशाळा असेल किंवा संशोधनाची शिस्त असेल, तर पुढची पायरी चढा.

दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी आली होती, बीएस्सी ॲग्री. तिला "ॲग्रिकल्चरमध्ये मास्टर्स" करायचं होतं, बस्स. पान लिहायला सांगितलं तेव्हा २०१० चा हंगाम निघाला. त्या वर्षी सीसीसीच्या, म्हणजे क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. ती तेव्हा लहान होती, पण घरात ती गोष्ट अजून निघते. बोलता बोलता लक्षात आलं की तिला द्राक्ष पिकवण्यात काही नवीन शिकायचं नाही, ते घरी येतंच आहे. तिला माल कुठे आणि का नाकारला जातो ते समजून घ्यायचं होतं. शोध तिथे बदलला. नेदरलँड्सच्या वॅगेनिंगेन विद्यापीठात अन्नसुरक्षेचं स्वतंत्र मास्टर्स आहे. तिला वाइनकडे वळायचं असतं तर जर्मनीतलं गाइसेनहाइम किंवा कॅलिफोर्नियातलं डेव्हिस अशी नावं निघाली असती. देश ठरला तो विषयामागून. घरातल्या कुणीही नेदरलँड्सचं नाव त्याआधी काढलं नव्हतं.

दुसरी पायरी: अभ्यासक्रम वाचा

नाशिकच्या कॉलेज रोडवर सल्लागारांच्या पाट्या जागोजाग आहेत. त्यातले सगळे वाईट नाहीत. पण फुकट सल्ला देणाऱ्यांपैकी अनेकांना प्रवेश झाला की विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, आणि जी विद्यापीठं कमिशन देत नाहीत त्यांची नावं अशा टेबलावर सहसा निघत नाहीत. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं याच गटातली. "सर, जानेवारी इनटेकला सीट आहे, आजच टोकन भरा" असं कुणी म्हणालं की चहा पिऊन उठा.

प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विषयवार पुस्तिका असते. ती उघडा आणि एवढं शोधा: सक्तीचे विषय किती श्रेयांकांचे (क्रेडिटचे), ऐच्छिक किती, दुसऱ्या विभागाचे विषय घेता येतात का, प्रबंध कंपनीत करता येतो का. जर्मनीतल्या दोन वर्षांच्या मास्टर्सला साधारण १२० श्रेयांक असतात, त्यातले बऱ्याच ठिकाणी ३० एकट्या प्रबंधाचे. ब्रिटनमध्ये एका वर्षात १८०, त्यातले सहसा ६० प्रबंधाचे. ऐच्छिक विषय जेमतेम दोन असतील, तर त्या कोर्समध्ये वळायला जागा नाही. तुम्हाला वळायचंच नसेल तर हरकत नाही, पण ते आधी माहीत हवं.

शाखा बदलायची असेल तर देशादेशांत मोठा फरक आहे, आणि फसगत होते ती इथे. जर्मनीत बहुतेक मास्टर्स हे पदवीचं पुढचं पान मानलं जातं. मेकॅनिकलवाल्याने कॉम्प्युटर सायन्सला अर्ज केला तर गणित आणि संगणकाचे ठरावीक श्रेयांक पदवीत होते का ते तपासतात, आणि नसतील तर नकार येतो, मग गुण कितीही असोत. आपले कॉम्प्युटरवालेही कधी कधी गणितावर अडतात. म्हणून पुणे विद्यापीठाच्या तुमच्या पॅटर्नच्या अभ्यासक्रमाची सगळी पानं आत्ताच उतरवून ठेवा. कोणत्या विषयात किती तास काय शिकवलं हे त्यांना दाखवावं लागतं, आणि पॅटर्न बदलला की जुनी पानं शोधता शोधता नाकी नऊ येतात. अमेरिकेत विभाग थोडे मोकळे असतात. दोन-तीन पायाभूत विषय आधी करा म्हणतात आणि घेतात. ब्रिटनमध्ये तर दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांसाठीच आखलेले एका वर्षाचे मास्टर्स आहेत, संगणकाचे विशेषतः. बीएस्सी, बीकॉमवाल्यांनी आणखी एक बघा: तीन वर्षांची पदवी ब्रिटनमध्ये चालते, अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मात्र सोळा वर्षांचं शिक्षण मागतात.

गुणांचं गणितही इथेच करून टाका. जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. रूपांतराचं सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि पासाच्या रेघेतल्या फरकाने भागा, तिनाने गुणा आणि एक मिळवा. दहापैकी ८ सीजीपीए आणि पासाची रेघ ४ असेल तर उत्तर येतं २.०. सीजीपीए ७ असेल तर २.५. मागणी असलेले बरेच कोर्स २.५ च्या पलीकडचे अर्ज घेत नाहीत, त्यामुळे सातवाला उंबरठ्यावर उभा असतो. सहाव्या सेमिस्टरला हे कळलं तर उरलेल्या दोन सेमिस्टरांत काही करता येतं.

तिसरी पायरी: आता देश

देशाकडे कालावधी म्हणून बघा. तिथे किती महिने मिळतात आणि त्यात वळणाच्या जागा कधी येतात?

ब्रिटन आणि आयर्लंड: एक वर्ष. सप्टेंबरमध्ये उतरलात की मोठ्या कंपन्यांची भरती त्याच शरद ऋतूत सुरू होते. म्हणजे बस कुठून सुटते ते कळायच्या आत बायोडेटा तयार हवा. मधली मोठी सुट्टी नाहीच. ज्याचं पान आधीच स्वच्छ लिहिलेलं आहे आणि हाताशी अनुभव आहे, त्याला हे वर्ष फार फळतं. चाचपडणाऱ्याला ते अपुरं पडतं. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं राहून काम शोधता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती मुदत १८ महिने आहे. आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं मिळतात.

अमेरिका: बहुधा दीड ते दोन वर्षं, मध्ये एक उन्हाळा. तो उन्हाळा सोन्यासारखा आहे, कारण त्यातली इंटर्नशिप पुढे नोकरी होऊ शकते. शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या शाखांना आणखी २४. त्यापुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत: वर्षाला ६५,००० अधिक अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० जागा, आणि मागणारे त्याच्या कित्येक पट. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरच्या शुल्काचा आदेशही निघाला. तीन वर्षांत कर्ज फिटेल का, एवढ्याच प्रश्नावर अमेरिकेचा निर्णय घ्या. पुढचं मिळालं तर मिळालं.

जर्मनी: कागदावर दोन वर्षं, प्रत्यक्षात अडीच ते तीन. लांबतं ते आळसाने नाही. मुलं मधलं सत्र कंपनीत काढतात, प्रबंध कंपनीत करतात, त्यात वेळ जातो, आणि नोकरी लागते तीही त्याच वेळामुळे. पदवीनंतर काम शोधायला १८ महिने मिळतात. पण भाषा हवी. वर्ग इंग्रजीत असले तरी कारखान्यात चहाच्या सुट्टीत कुणी इंग्रजी बोलत नाही. निदान बी-१ या मधल्या पातळीपर्यंत जर्मन इथूनच शिकून जा. तिथे गेल्यावर सबमिशनं आणि स्वयंपाक यांच्या मधे भाषा शिकायची म्हणजे नुसती ओढाताण.

कॅनडाने जानेवारी २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांना कमाल मर्यादा घातली आहे. ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थी व्हिसा अर्जाच्या फीपासूनच महाग पडतो. दोन्ही देश वाईट नाहीत, पण शेजारच्या बंडूचा २०१९ चा अनुभव आज लागू होत नाही. नियम त्या त्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच वाचा, व्हॉट्सॲपवर नाही.

चौथी पायरी: कागद

भारतीय पासपोर्टची पुस्तिका छापली जाते आपल्या नाशिक रोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तरी त्यावर आपलं नाव नीट उमटेल याची खात्री आपल्यालाच करावी लागते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पदवीवर आणखी एखादा क्रम. पासपोर्टवर कुणी वडिलांचं नाव घालतं, कुणी गाळतं. परदेशी विद्यापीठाच्या संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्ट काढतानाच गुणपत्रिकेप्रमाणे पूर्ण नाव द्या, आणि पुढे प्रत्येक अर्जात तेच, त्याच स्पेलिंगने. एका अक्षराचा फरक असला तरी प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

पुणे विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मागवायला वेळ धरून ठेवा आणि दोन-चार प्रती जास्त घ्या. जर्मनीसाठी दिल्लीच्या एपीएसचं, म्हणजे आपल्या पदव्या तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून लागतं. फी १८,००० रुपये, आणि गर्दीच्या काळात ते यायला महिने लागू शकतात. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षं चालतात, जीआरई या प्रवेशपरीक्षेचे पाच. त्यामुळे जीआरई आधी, आयईएल्टीएस नंतर.

शिफारसपत्राबद्दल आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे: "तू लिहून आण, मी सही करतो." सरांचीही चूक नाही, साठ पोरं असतात. तरी त्यांच्याकडे जाताना तुमच्या प्रकल्पाचं एक पान घेऊन जा आणि त्यातला एक प्रसंग आठवून द्या, जिथे तुमचं काही बिघडलं आणि तुम्ही ते सावरलं. तो प्रसंग पत्रात आला की पत्र तुमचं होतं. नाहीतर "मेहनती व प्रामाणिक" अशी पत्रं त्यांच्याकडे पोत्याने येतात. उद्देशपत्राचंही (एसओपी) तसंच. "लहानपणापासून मला यंत्रांची आवड" हे वाक्य खोडा. तुमचं ते पहिलं पान काढा आणि तेच विस्ताराने लिहा.

मुंबईला व्हिसाची वेळ सकाळची मिळाली तर आदल्या रात्रीच जाऊन राहा. कसाऱ्याचा घाट आणि भिवंडीची कोंडी कुणाच्या बापाची नाही.

पाचवी पायरी: पैसा

या पायरीवर घरातल्या मोठ्यांना सोबत बसवा.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण "जर्मनी फुकट" हे अर्धसत्य आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता फी घेतं. शिवाय जाण्याआधी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाख झाले. ते पैसे तुमचेच असतात, दर महिन्याला ९९२ युरो सुटतात, पण पहिल्या दिवशी ते हातात असावे लागतात.

कर्जाचं गणित मी पोरांकडूनच करून घेतो. ३० लाख, ११ टक्के, १० वर्षं: हप्ता येतो साधारण ४१,३०० रुपये. आणि शिकत असतानाही व्याज चढत असतं, त्यामुळे हप्ता सुरू होतो तेव्हा रक्कम ३० लाख राहिलेली नसते. आता त्या हप्त्याशेजारी नाशिकमध्ये मिळू शकणारा तुमचा पगार लिहा. तिथे काम मिळालं नाही आणि परत यावं लागलं, तर हा हप्ता कोण भरणार? मामांसमोर विचारायला अवघड प्रश्न आहे, पण विचारा.

निफाड, सिन्नर, चांदवडकडच्या घरांत एक गैरसमज हमखास असतो. "आपली आठ एकर आहे, कर्जाचं टेन्शन नाही." बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत, कारण वसुलीच्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट किंवा मुदत ठेव लागते. शिवाय सहकर्जदाराची इन्कम टॅक्स रिटर्न्स मागतात, आणि शेती उत्पन्नाला कर नाही म्हणून आपल्याकडे ती भरलेलीच नसतात. दोन-तीन वर्षं आधीपासून शून्य कराची का होईना, रिटर्न्स भरायला लागा. विनातारण कर्ज मिळतं, पण व्याज चढं असतं. पीएम-विद्यालक्ष्मी ही २०२४ ची योजना देशातल्या संस्थांसाठी आहे. परदेशासाठी तिच्या भरवशावर राहू नका.

कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षं वजावट मिळते. एप्रिल २०२५ पासून अशा कर्जातून फी पाठवली तर टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक कापते तो कर, कापला जात नाही. स्वतःच्या बचतीतून वर्षाला १० लाखांपुढे पाठवलं तर कापला जातो, आणि तो रिटर्न भरताना परत मागता येतो. बरेच जण मागतच नाहीत.

शिष्यवृत्त्या शोधायला आळस करू नका. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची वेगळी योजना आहे, आणि त्या विभागाचं आयुक्तालय नाशिकमध्येच असूनही पेठ-सुरगाण्याच्या पोरांपर्यंत ही माहिती फार उशिरा जाते. मराठा विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारच्या सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती आहे. या योजनांत विद्यापीठाचा जागतिक क्रमांक बघितला जातो, म्हणून दुसऱ्या पायरीवरच जागतिक क्रमवारीची यादी शेजारी ठेवा. शिवाय १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती, जर्मनीची डाड, ब्रिटनची शेव्हनिंग, युरोपची इरास्मस मुंडुस.

सहावी पायरी: पहिलं सत्र

इन-सेम, एंड-सेम, ओरल, टर्मवर्क अशा चार काठ्यांवर आपली गाडी उभी असते. एक मोडली तर तिघी धरतात. जर्मनीत बऱ्याच विषयांना शेवटची एकच परीक्षा, तिच्यावर सगळं. केटी (राहिलेला विषय) ठेवून पुढे सरकण्याची सवय तिथे महागात पडते, कारण अनेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात आणि तिसऱ्यांदाही गेलात तर नाव कापलं जातं. मी पहिल्याच सत्रात एका विषयात नापास झालो. मागच्या प्रश्नपत्रिका सोडवून, आयएमपी काढून, पूर्ण तयारीने गेलो होतो. प्रश्न आला की अमुक सूत्र इथे का लागू पडत नाही. सूत्र मला तोंडपाठ होतं.

त्याच सत्रात सहा श्रेयांक भरायला मी इलेक्ट्रिकल विभागाचा प्रतिमाविश्लेषणाचा विषय घेतला. कारण सांगायला लाज वाटते: मंगळवार मोकळा होता. तिसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्याने विचारलं, कारखान्यात माल तपासताना कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? वर्गात हात फक्त माझा. मी सातपूरच्या टेबलाबद्दल सांगितलं. ट्यूबलाइटखाली सहा बायका बसतात, दिवसाला हजारो भाग हातात घेऊन ओरखडे शोधतात, आणि दुपारी तीननंतर डोळे थकले की चुकीचा माल निसटायला लागतो. म्हणून आमची सुपरवायझर ताई तीनच्या चहानंतर बायकांच्या जागा बदलायची. वर्ग संपल्यावर त्याने थांबवून घेतलं. पुढच्या महिन्यात मी त्याच्या प्रयोगशाळेत हिवी, म्हणजे विद्यार्थी-सहायक झालो. सुट्टीतलं काम आणि प्रबंध तिथूनच निघाले.

म्हणून माझं पक्कं मत आहे की जाण्याआधी वर्ष-दोन वर्षं इथे नोकरी करावी. तिथल्या वर्गात सांगायला तुमच्याकडे काहीतरी हवं.

मोकळ्या मंगळवारापेक्षा चांगल्या कारणाने दुसऱ्या विभागात गेलेलं उदाहरणही आपल्याच मातीशी जोडलेलं आहे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला, सयाजीराव गायकवाड. त्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले, आणि १९१६ मध्ये त्यांनी जातिव्यवस्थेवरचा निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्र सुटलं नाही, पण पुढच्या कामाचा एक मोठा धागा शेजारच्या विभागात हाती लागला. तेच १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी नाशिकला आले. तेव्हा ऐच्छिक विषयांची यादी उघडाल तेव्हा शेजारच्या विभागाचीही उघडा.

प्राध्यापकांना भेटण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि आपली पोरं तिकडे फिरकत नाहीत. सरांना "त्रास" द्यायचा नाही ही इथली शिकवण. पहिल्या महिन्यात एकदा तरी जा, एकच नेमका प्रश्न घेऊन. आणि दुसऱ्याचं वाक्य नावाशिवाय उचलू नका. आपल्याकडे ज्याला सबमिशन म्हणतात, त्याला तिकडे चोरी म्हणतात.

सातवी पायरी: नोकरीची तयारी

ही पहिल्या सत्रातच सुरू करा. पोटापाण्यासाठी दुकानात किंवा हॉटेलात काम करावं लागलं तर करा, त्यात कमीपणा नाही, पण ते विषयाचं काम नव्हे. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि प्रयोगशाळेतलं हिवीचं काम त्यात मोजत नाहीत. अमेरिकेत सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही विद्यापीठाच्या आवारात. मर्यादा ओलांडून रोखीत काम करणारे भेटतील. व्हिसा गेला की कर्ज मात्र मागे राहतं.

बायोडेटात दहावीचे टक्के, वडिलांचं नाव आणि "छंद: क्रिकेट" नको. केलेलं काम आकड्यांत लिहा. मी "सातपूर, क्वालिटी विभाग" एवढंच लिहायचो. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने खोडून "रोजचे इतके भाग, नाकारलेला माल इतका, तो इतका कमी केला" असं लिहायला लावलं. उत्तरं त्यानंतर यायला लागली.

आठवी पायरी: परत यायचं असेल तर

काही शाखांत हा विचार जाण्याआधीच करावा लागतो. परदेशात एमबीबीएस करणाऱ्याला 'नीट' ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण असणं, किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, त्याच देशात १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि परतल्यावर परवान्याची परीक्षा हे सगळं लागतं. यातली एक कडी तुटली तर सहा वर्षं पाण्यात. ब्रिटनच्या एका वर्षाच्या मास्टर्सची मान्यता हा जुना वादाचा मुद्दा २०२२ च्या भारत-ब्रिटन करारानंतर सुटला आहे. सरकारी नोकरी किंवा इथे पीएचडी करायची असेल तर पदवीची समकक्षता, म्हणजे ती इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचं प्रमाणपत्र, काढून ठेवा. खासगी कारखान्यात ती कुणी विचारत नाही.

पगाराबाबत मन आधीच तयार ठेवा. परत आलात की तिथला आकडा विसरायचा, आणि पहिली चांगली संधी बहुधा पुण्यात निघते, नाशिकमध्ये नाही. मला इथे यायला आणखी दीड वर्ष लागलं. अंबडच्या ज्या कारखान्यात पहिला कॅमेरा बसवला, तिथल्या मालकांनी पदवीबद्दल एक शब्द विचारला नाही. "तीननंतर चालतो का?" एवढंच विचारलं.

निघताना बॅगेत चिवडा खुशाल भरा. तूप, पेढे आणि दुधाचं काहीही युरोपच्या सीमेवर टाकावं लागतं. आणि परतताना त्याच बॅगेत विषयांच्या पुस्तिका, गुणपत्रिकेची इंग्रजी प्रत आणि जिथे जिथे काम केलं त्या प्रत्येक ठिकाणचं अनुभवपत्र. प्रयोगशाळेचं माझं पत्र घ्यायचं राहिलं होतं. ज्याच्या सहीने ते मिळायचं तो दुसऱ्या विद्यापीठात गेला, आणि ते नाशिकला पोचायला सात महिने लागले.